नेमका कोणता बंध तुटतो? रासायनिक बंध, रचना आणि गुणधर्म यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंधांचे प्रकार बहुतेकांना पाठ असतात: आयनिक (धन आणि ऋण प्रभाराच्या अणूंची, म्हणजे आयनांची ओढ), सहसंयुज (दोन अणूंनी वाटून घेतलेले इलेक्ट्रॉन), धात्विक (सगळ्या अणूंनी मिळून वाटून घेतलेले इलेक्ट्रॉन). पण हिरा कठीण का, तांबे वाकते का, बर्फ पाण्यावर तरंगतो का, असे विचारले की त्या पाठांतरातून फारसे काही हाती लागत नाही. म्हणून खालची उत्तरे लिहिताना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासली आहे: हा पदार्थ वितळतो, वाकतो किंवा फुटतो तेव्हा त्यातला नेमका कोणता बंध सुटतो? माझ्या मते एवढा एक प्रश्न नीट विचारायची सवय लागली, तर या विषयातला निम्मा गोंधळ संपतो.

अणू एकमेकांना धरून का राहतात?

एकत्र असताना त्यांची एकूण ऊर्जा सुट्या अवस्थेपेक्षा कमी असते म्हणून. हायड्रोजनचे दोन अणू घ्या. लांब असताना त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. जवळ येऊ लागले की प्रत्येकाचा इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांच्या ओढीत येतो आणि ऊर्जा उतरू लागते. फारच जवळ आले तर केंद्रके एकमेकांना दूर सारतात आणि ऊर्जा झपाट्याने चढते. या दोहोंच्या मध्ये, ७४ पिकोमीटर अंतरावर, ऊर्जा सर्वांत कमी असते. तीच या बंधाची लांबी. तिथून अणू पुन्हा वेगळे करायचे तर मोलमागे (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, प्रचंड संख्या) ४३६ किलोज्यूल खर्च करावे लागतात.

"अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करण्यासाठी बंध तयार होतात" हे वाक्य हिशेबाला सोयीचे आहे. लुईस यांनी १९१६ साली इलेक्ट्रॉनांच्या जोडीची कल्पना मांडली, तेव्हापासून तिच्या आधारे सूत्रे पटापट लिहिता येऊ लागली. पण अष्टक हे बंधाचे कारण नव्हे. बोरॉन ट्रायफ्लुओराइडच्या लुईस-रचनेत बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन मांडले जातात. सल्फर हेक्झाफ्लुओराइडमध्ये गंधकाला सहा शेजारी असतात. दोन्ही संयुगे व्यवस्थित टिकून असतात. १९२७ मध्ये हाइटलर आणि लंडन यांनी पुंजयामिकी वापरून हायड्रोजनच्या रेणूचे गणित मांडले, तेव्हा बंधामागचे खरे कारण पहिल्यांदा आकड्यांत उतरले.

बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते, हे बरोबर आहे का?

नाही, आणि हा गैरसमज फार चिवट आहे. बंध तोडायला नेहमी ऊर्जा द्यावी लागते. बंध जुळताना ती बाहेर पडते. हायड्रोजन जळतो तेव्हाचा हिशेब करून पाहा. दोन मोल हायड्रोजनचे बंध तोडायला ८७२ आणि एक मोल ऑक्सिजनचे तोडायला ४९८, मिळून १३७० किलोज्यूल आधी मोजावे लागतात. मग ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार मोल बंध जुळतात. प्रत्येकी ४६३ धरले तर १८५२ किलोज्यूल परत मिळतात. ज्योतीतून जी उष्णता येते, ती या दोहोंमधली ४८२ किलोज्यूलची शिल्लक.

अनेक स्फोटकांचेही असेच असते. त्यांच्यातले बंध दुबळे असतात, आणि स्फोटात तयार होणाऱ्या नायट्रोजनच्या रेणूतला तिहेरी बंध ९४५ किलोज्यूलचा असतो. दुबळे मोडून दणकट जुळले, की मधला फरक बाहेर पडतो.

सोडियम आपला इलेक्ट्रॉन "देऊन टाकायला उत्सुक" असतो का?

मुळीच नाही. सुट्या सोडियम अणूचा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल लागतात. तो इलेक्ट्रॉन क्लोरीनने घेतला की फक्त ३४९ परत मिळतात. म्हणजे देवघेव पूर्ण झाल्यावरही आपण १४७ किलोज्यूलनी तोट्यातच आहोत. मग मीठ तयार कसे होते? धन आणि ऋण आयन एकमेकांजवळ येऊन स्फटिकात रचले जातात, तेव्हा मोलमागे ७८७ किलोज्यूल सुटतात. सगळा तोटा भरून निघतो तो इथे. आयनिक पदार्थाचा टिकाऊपणा एकट्या अणूच्या "इच्छेत" नसून त्याच्या रचनेत असतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

यातूनच पुढचा मुद्दा निघतो. मिठाच्या खड्यात सोडियम क्लोराइडचा रेणू नावाची गोष्टच नसते. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम असतात. कोणाची जोडी कोणाशी, हा प्रश्नच गैरलागू ठरतो. ब्रॅग पितापुत्रांच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांतून १९१३ मध्ये हे पुढे आले. तरीही ते पचायला वेळ लागला: रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग १९२७ मध्येही या बुद्धिबळाच्या पटासारख्या रचनेवर जाहीर टीका करत होते.

आयनांवरचा प्रभार वाढला की पकड किती घट्ट होते तेही पाहण्याजोगे आहे. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते. रचना तशीच, पण आयनांवर दुप्पट प्रभार असलेले मॅग्नेशियम ऑक्साइड २८०० अंशांच्याही वर घन राहते. भट्ट्यांच्या आतल्या विटांत ते वापरतात ते याचमुळे.

आयनिक कुठे संपते आणि सहसंयुज कुठे सुरू होते?

अशी ठाम रेषा नाही. पॉलिंग यांनी १९३२ मध्ये विद्युतऋणतेची, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या अणूच्या क्षमतेची, मापनश्रेणी मांडली. तीत फ्लोरिन ३.९८, क्लोरीन ३.१६ आणि सोडियम ०.९३ वर आहे. फरक १.७ पेक्षा जास्त तर आयनिक, हा नियम केवळ अंदाजापुरता ठेवा. "धातू अधिक अधातू म्हणजे आयनिक" हा नियम तर त्याहून कच्चा आहे. टायटॅनियम टेट्राक्लोराइड हे धातूचेच संयुग, पण साध्या तापमानाला तो द्रव असतो आणि १३६ अंशांना उकळतो.

सहसंयुज बंध एवढे मजबूत, मग कार्बन डायऑक्साइड वायू का?

सुरुवातीला म्हटलेला प्रश्न इथे विचारा. कार्बन डायऑक्साइड वायुरूप होताना कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातला एकही बंध तुटत नाही. एक रेणू दुसऱ्या रेणूपासून सुटतो, एवढेच. रेणूच्या आतला बंध सुमारे ८०० किलोज्यूलचा आहे, पण रेणूरेणूंमधली ओढ अगदी क्षीण. म्हणून घन कार्बन डायऑक्साइड उणे ७८ अंशांनाच थेट वायू होतो.

आता सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे वाळूतले क्वार्ट्झ. सिलिकॉन आणि कार्बन आवर्तसारणीत एकाच गटात आहेत, सूत्राचा साचाही तोच. सिलिकॉन-ऑक्सिजनचा बंध सुमारे ४५० किलोज्यूलचा, म्हणजे वरच्यापेक्षा बराच कमी. तरीही ही सिलिका वितळवायला १७०० अंशांच्या आसपास जावे लागते. कारण तिच्यात सुटे रेणू नाहीत. प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनशी आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनशी जोडलेला, असे जाळे खड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेले असते. वितळवायचे तर हेच बंध तोडावे लागतात. दुसरे सोपे काही तोडायला नसतेच.

दणकट बंध असलेला पदार्थ सहज वायू होतो आणि त्याहून दुबळे बंध असलेला भट्टीतही टिकतो. द्रवणांक बंधाच्या ताकदीवरून ठरवू नये, तो तुटणाऱ्या दुव्याच्या ताकदीवरून ठरवावा.

हिरा आणि ग्रॅफाइट दोन्ही कार्बनच; मग एक कठीण आणि दुसरा मऊ कसा?

"ग्रॅफाइटमधले बंध दुबळे असतात म्हणून" हे उत्तर अर्धवट आहे आणि दिशाभूल करते. हिऱ्यात प्रत्येक कार्बन चार शेजाऱ्यांशी १५४ पिकोमीटर लांबीच्या बंधांनी जोडलेला असतो. ग्रॅफाइटच्या थरात प्रत्येकाला तीनच शेजारी असतात, पण ते अंतर १४२ पिकोमीटर असते. म्हणजे थराच्या आतला बंध हिऱ्यातल्या बंधापेक्षा आखूड आहे, आणि अधिक मजबूतही. दुबळेपणा आहे तो दोन थरांच्या मध्ये, जिथे अंतर ३३५ पिकोमीटर आणि ओढ नाममात्र. पेन्सिल कागदावर ओढली की थरांचे पापुद्रे सुटून कागदावर बसतात. थरांची जाळी मात्र बहुतांशी शाबूत राहते. हिऱ्यात अशी सोयीची दिशाच नाही. जिकडून जोर लावाल तिकडे दणकट बंध आडवे येतात.

वीजवहनातला फरकही इथूनच येतो. हिऱ्यात कार्बनचे चारही संयुजा-इलेक्ट्रॉन बंधांत जखडलेले असतात, त्यांना मोकळे करायला सुमारे ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणून हिरा विद्युतरोधक आणि पारदर्शक. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक अणूचा चौथा इलेक्ट्रॉन सगळ्या थराचा होऊन जातो. थराच्या दिशेने वीज सहज वाहते. थर ओलांडून जाताना मात्र रोध कितीतरी पट वाढतो. एकाच खड्याचे गुणधर्म दिशेप्रमाणे बदलतात.

मला स्वतःला हिऱ्याचा सर्वांत विलक्षण गुण वाटतो तो उष्णतावहनाचा. वीज न वाहणारा हा पदार्थ उष्णता मात्र तांब्याच्या सुमारे पाचपट वाहून नेतो. धातूत उष्णता मुख्यतः मोकळे इलेक्ट्रॉन नेतात. हिऱ्यात ते काम जालकाची (अणूंच्या नियमित जाळीची) कंपने करतात. अणू हलके, बंध ताठ आणि रचना नेटकी असल्याने ही कंपने फारशी न विखुरता पुढे सरकतात.

ग्रॅफाइटबद्दल एक गोष्ट पुस्तकांत सहसा येत नाही. त्याचे वंगण म्हणून गुळगुळीत असणे केवळ थरांवर अवलंबून नाही. थरांच्या कडांवर हवेतील बाष्प बसलेले असावे लागते. निर्वात जागेत ग्रॅफाइट पटकन झिजते. उंचावर उडणाऱ्या विमानांतल्या विद्युतयंत्रांचे कार्बनचे ब्रश भराभर झिजू लागले, तेव्हा ही गोष्ट ठळकपणे लक्षात आली. आणि एकच थर सुटा करता येईल का, या प्रश्नाचे उत्तर २००४ मध्ये मँचेस्टर येथे गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलून दिले. त्या एका थराला, ग्राफीनला, २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवून देण्याइतके वेगळे गुण होते.

बर्फ पाण्यावर का तरंगतो?

पाण्याच्या रेणूत दोन बंधांमधला कोन १०४.५ अंशांचा असल्याने त्याची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन राहते. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हा हायड्रोजन बंध साधारण २० किलोज्यूलचा. रेणूच्या आतल्या ४६३ च्या बंधापुढे तो किरकोळ, पण पाणी उकळताना तुटतो तो हाच. गंधकाचे तसेच संयुग, हायड्रोजन सल्फाइड, रेणू जड असूनही उणे ६० अंशांनाच उकळते.

गोठताना प्रत्येक रेणू बरोबर चार शेजाऱ्यांना धरतो. या शिस्तीत मध्ये पोकळ्या राहतात. पाण्यात ही शिस्त सतत मोडत असते, रेणू पोकळ्यांत घुसतात आणि तेवढ्याच जागेत जास्त मावतात. म्हणून बर्फाची घनता ०.९१७ आणि पाण्याची १.

मिठाचा खडा फुटतो, तांबे मात्र वाकते. असे का?

मिठावर घाव बसला आणि आयनांचा एक थर एका घराने सरकला, की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतात. ते एकमेकांना दूर ढकलतात आणि खडा सरळ रेषेत दुभंगतो. तांब्यात अणूंना समान वाटून घेतलेल्या इलेक्ट्रॉनांनी धरून ठेवलेले असते. थर सरकला तरी नव्या जागी पकड तशीच राहते.

पण सगळा थर एकदम सरकत नाही. तसे झाले असते तर शुद्ध धातूचे स्फटिक वाकवायला प्रत्यक्षात लागतो त्याच्या शेकडो-हजारो पट जोर लागला असता. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी स्वतंत्रपणे उत्तर दिले: स्फटिकात रेषेसारखे दोष असतात आणि ते दोष पुढे सरकतात. मोठी सतरंजी अख्खी ओढणे जड जाते, पण तिच्यात एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली की सतरंजी सहज सरकते, तसे.

हे हातात अनुभवता येते. तापवून मऊ केलेली तांब्याची जाडसर तार घ्या. पहिल्यांदा ती बोटांनी सहज वाकते. आता तोच वाक सरळ करायला जा. तो सरळ होत नाही, त्याच्या दोन्ही बाजूंचा भाग वाकतो आणि तारेत नागमोडी आकार उरतो. वाकताना त्या जागी दोष इतके वाढले, की ते एकमेकांत अडकून पडले. तार लाल होईपर्यंत तापवली की अणूंची पुन्हा नीट मांडणी होते आणि ती पूर्ववत मऊ होते. यात तांब्यातले रसायन तसूभरही बदललेले नसते.

पोलादाला पाणी दिल्यावर ते कठीण का होते?

साध्या तापमानाला लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मध्यभागी असे बसतात. ९१२ अंशांच्या वर मांडणी बदलते: कोपऱ्यांबरोबर सहा पृष्ठांच्या मध्यांवरही अणू येतात. ही दुसरी मांडणी एकंदरीत अधिक दाट असते, तरी तिच्यातल्या मोकळ्या जागा एकेकट्या मोठ्या असतात. कार्बन त्यांत मावतो, वजनाने सुमारे २ टक्क्यांपर्यंत. पहिल्या मांडणीत फार तर ०.०२ टक्के मावतो.

तापलेले पोलाद हळूहळू निवू दिले तर कार्बनला बाहेर पडून वेगळे कार्बाइड व्हायला वेळ मिळतो. पाण्यात बुडवले तर तो वेळच मिळत नाही. लोखंड जुन्या मांडणीकडे वळते, पण कार्बन आत अडकलेला असतो आणि त्याच्यामुळे जालक एका दिशेने ताणले जाते. या ताणलेल्या रचनेचे नाव मार्टेन्साइट. तिच्यात मघाचे ते रेषादोष सरकू शकत नाहीत, म्हणून धार टिकते. आणि सरकू शकत नाहीत म्हणूनच पाते ठिसूळही होते. त्यामुळे पाणी दिल्यावर ते पुन्हा बेताचे तापवतात. थोडा कार्बन सुटतो, कठीणपणा जरा उतरतो आणि पाते आपटल्यावर तडकत नाही.

काच हा अतिशय संथ वाहणारा द्रव आहे का?

नाही. काच घन आहे, फक्त तिची मांडणी अनियमित आहे. क्वार्ट्झमध्ये आणि सिलिकेच्या काचेत जवळचे शेजारी सारखेच असतात. पण क्वार्ट्झमध्ये तीच नक्षी दूरवर ओळीने चालू राहते आणि काचेत ती चार-दोन अणूंनंतर भरकटते. प्रत्येक बंधावरचा ताण वेगळा असल्याने काच एका ठरावीक तापमानाला वितळत नाही, हळूहळू मऊ होत जाते. ती फुगवून आकार देता येतो तो यामुळेच. जुन्या खिडक्यांची काच खाली जाड असते ती वाहिल्यामुळे नव्हे. त्या काळी तावदाने एकसारख्या जाडीची बनतच नसत.

काच फुटते ती पृष्ठभागावरच्या बारीक चिरांमुळे, हे ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये दाखवले. चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो. धातूत ते टोक बोथट होऊ शकते, काचेत होत नाही.

रबर ताणले जाते आणि परत येते, म्हणजे त्यातले बंध लांबतात का?

बंध जवळपास आहेत तेवढेच राहतात. रबरात हजारो अणूंच्या लांबलचक साखळ्या वेटोळी घालून पडलेल्या असतात. ताणल्यावर त्या सरळ होतात. सरळ साखळीला मांडणीचे पर्याय थोडे, वेटोळ्या साखळीला असंख्य. सोडताच अणूंच्या नुसत्या हालचालीने ती असंख्य पर्यायांकडे परतते. जाड रबरबँड झटकन ताणून लगेच वरच्या ओठाला लावा: तो कोमट लागतो. ताणलेलाच क्षणभर धरून मग सैल सोडा आणि पुन्हा लावा: आता गार लागतो. धातूच्या स्प्रिंगमध्ये असे जाणवत नाही, कारण तिथे ऊर्जा खरोखर बंधांच्या ताणात साठते.

कच्चे रबर मात्र उष्णतेने चिकट होते आणि ताणले की साखळ्या एकमेकींवरून घसरतात. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना गंधकासह तापवण्याची युक्ती सापडली. गंधक साखळ्यांमध्ये अधूनमधून टाके घालते, त्यामुळे ताण सुटल्यावर त्या मूळ जागी येतात. टाके फार झाले तर तेच रबर कडक एबोनाइट होते.

पॉलिथिलीनमध्येही खेळ साखळ्यांचाच. फांद्या असलेल्या साखळ्या नीट रचल्या जात नाहीत आणि लवचीक पिशवी बनते. १९५३ मध्ये झिग्लर यांनी शोधलेल्या उत्प्रेरकाने बिनफांद्यांच्या साखळ्या बनू लागल्या, त्या दाट बसतात आणि त्यांचे टणक पिंप होते.

हे सगळे डोळ्यांना दिसत नाही. मग कळते कसे?

मुख्यतः क्ष-किरणांमुळे. त्यांची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराएवढीच असल्याने स्फटिकातून जाताना ते ठरावीक दिशांना वळतात. लाउए यांनी १९१२ मध्ये हे सुचवले. पुढच्याच वर्षी ब्रॅग पितापुत्रांनी त्यावरून हिऱ्याची रचना उलगडली, १९२४ मध्ये बर्नाल यांनी ग्रॅफाइटची. कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९२९ मध्ये बेंझीनचे कडे सपाट असल्याचे दाखवले. तोवर त्यावर कित्येक दशके नुसते तर्क चालले होते.

नुसत्या सूत्रावरून गुणधर्म सांगता येतात का?

कथिलाचे उदाहरण पाहा. तिथे तर सूत्रही नाही, एकच मूलद्रव्य आहे. साध्या तापमानाचे पांढरे कथील चकाकते, वाकते, वीज वाहते, घनता ७.३. सुमारे १३ अंशांच्या खाली दुसरी रचना अधिक स्थिर ठरते, आणि ती हुबेहूब हिऱ्याची असते: प्रत्येक अणूला चारच शेजारी. घनता ५.८ च्या आसपास येते, म्हणजे आकारमान चतुर्थांशाहून जास्त वाढते, आणि चांगली वस्तू करड्या भुकटीत विखरून जाते. तेच अणू, तरी हिऱ्याच्या रचनेत बसूनही कठीण मात्र होत नाहीत, कारण कथिलाचे अणू मोठे आणि त्यांच्यातले बंध लांब व दुबळे असतात. म्हणजे रचना आणि बंध दोन्ही ठाऊक हवेत.

हा बदल १३ अंशांच्या जरा खाली अतिशय संथ असतो, कडाक्याच्या थंडीत वेग घेतो, आणि करड्या कथिलाचा कण लागला की तिथून पसरतो. कथिलात थोडे अँटिमनी किंवा बिस्मथ मिसळले तर तो रोखला जातो. शिसे नसलेले सोल्डर थंड जागी वापरायचे असेल, तर त्यात काय मिसळले आहे हे आधी पाहून घ्यावे.